कापूस पेटता कामा नये: एका एफआर शीटच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार

आजपासून नवी वही. काम: २०० मायक्रॉनची एफआर पॉलिथिन शीट, म्हणजे ज्वालारोधक. ग्राहक रिफायनरी आणि केमिकल प्लांटमधली शटडाउनची कामं घेतो. शटडाउनमध्ये प्लांट बंद ठेवून सगळी डागडुजी एकदम उरकतात. वर वेल्डिंग, खाली रंगकाम, बाजूला इन्सुलेशनवाले, आणि मचाणाभोवती, उघड्या पंपांवर, पॅनलवर प्लास्टिक गुंडाळलेलं. ते प्लास्टिक साधी एलडी (कमी घनतेचं पॉलिथिन) असली की वेल्डिंगचा एक लाल गोळा पुरतो.

त्यांनी मागितलंय यूएल ९४ या अमेरिकी ज्वलन-चाचणी मानकातलं व्हीटीएम-०, म्हणजे पातळ मालाची सर्वांत वरची श्रेणी. पातळ, लवचिक माल उभा धरता येत नाही, म्हणून त्याची ही वेगळी परीक्षा आहे. २०० बाय ५० मिमीची पट्टी १२.७ मिमीच्या सळईवर गुंडाळून नळी करायची, सळई काढून घ्यायची, नळी उभी टांगायची. खालून २० मिमीची ज्योत तीन सेकंद, विझली की परत तीन सेकंद. अशा पाच पट्ट्या. एकही पट्टी एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त जळता कामा नये, पाचांची मिळून बेरीज पन्नासच्या आत, आणि आग १२५ मिमीच्या खुणेपर्यंत चढता कामा नये. खाली ३०० मिमीवर कापूस ठेवलेला असतो. पेटता थेंब पडून तो पेटला की ० गेलं, हातात २ उरतं.

कोटेशनवर मी स्वतः एक ओळ घातली: ही वेल्डिंग ब्लँकेट नाही, थेट ठिणग्यांखाली वापरू नये. मालक म्हणाले, "विकायला निघालोय का अडवायला?" ओळ ठेवली.

५ जून, बुधवार

पॉलिथिन म्हणजे जवळजवळ घट्ट झालेलं मेणच. त्याचा ऑक्सिजन इंडेक्स, म्हणजे जळत राहायला लागणारा किमान ऑक्सिजन, १७-१८ टक्क्यांच्या आसपास, हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के. म्हणजे हवेत ते पेटल्यावर आपणहून विझायचं काहीच कारण नाही.

मालकांचा पहिला प्रश्न: केबलवाले वापरतात तसं एटीएच का नको? स्वस्त आहे, धूर कमी, हॅलोजनही नाही. सगळं खरं. पण अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडला काम करायला निम्म्याहून जास्त भरावं लागतं. केबलच्या जाड आवरणात ते खपतं, २०० मायक्रॉनमध्ये त्याचा पापड होतो. शिवाय २०० अंशांच्या पुढे ते पाणी सोडायला लागतं, म्हणजे बबलमध्येच (वितळलेलं प्लास्टिक हवेने फुगवून फिल्म करतात, तो फुगा) फोड. अमोनियम पॉलिफॉस्फेटची पण तीच रड: ते फुगून कोळशाची साय धरतं, पण साय धरायला अंगात माल लागतो. पातळ फिल्मला अंगच नाही.

राहिला ब्रोमीन आणि अँटिमनीचा जुना संसार. मास्टरबॅचमध्ये, म्हणजे रसायन ठासून भरलेल्या प्लास्टिकच्या दाण्यात, ८० टक्के सक्रिय माल, त्यात डीबीडीपीई (ब्रोमीनचं संयुग) तीन भाग, अँटिमनी ट्रायऑक्साइड एक भाग. पूर्वी इथे डेकाबीडीई हे ब्रोमीनचं दुसरं संयुग असायचं. ते २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं, त्यामुळे आपल्या गाळ्यात त्याचा दाणाही नको.

धूर मात्र आंबट आणि गंजवणारा, हे लपवण्यात अर्थ नाही. मेट्रोच्या बोगद्यासाठी कोणी ही शीट मागितली तर मी देणार नाही. उघड्या आवारातल्या मचाणाला चालेल.

८ जून, शनिवार

पहिला ट्रायल. एलडी आणि एलएलडी (पॉलिथिनचाच दुसरा प्रकार) मिळून ७५ टक्के, मास्टरबॅच २५. डायवर, म्हणजे वितळलेला माल बाहेर पडतो त्या तोंडाशी, १८० अंश.

बबल उभा राहायला दीड तास गेला. एरवी मशीन चालवणारे मामा वीस मिनिटांत उभा करतात. डीबीडीपीई या तापमानाला वितळतच नाही, त्याचा वितळबिंदू साडेतीनशेच्या आसपास. ते वितळलेल्या मालात रव्यासारखं फिरत राहतं आणि गाळणीच्या जाळीत अडकतं. प्रेशर चढत गेलं, दोनदा जाळी बदलली. शेवटी मास्टरबॅचचा दाणा आदल्या रात्री ड्रायरमध्ये ठेवायचा असं ठरलं.

शीट दुधाळ आली, अँटिमनीचा पांढरेपणा. हातात घेतली की जड लागते, आणि खरंच जड आहे. साध्या शीटचा चौरस मीटर १८४ ग्रॅम भरायचा, हिचा २१६. घनता ०.९२ वरून १.०८ झाली. दर किलोला मिळणारे मीटर कमी, म्हणजे किलोच्या भावाने विकून चालणार नाही. मालकांना हे कागदावर मांडून दाखवल्यावर ते पहिल्यांदा गप्प बसले.

१० जून, सोमवार

जुन्या कपाटाला काच बसवून जळण्याची पेटी केली, तळाला हवा यायला भोकं. मेडिकलमधून कापसाचा रोल आणला. पाचही पट्ट्या पास. ज्योत लावली की पट्टी आकसते, एखादा सेकंद पेटते, विझते. दोन थेंब पेटते पडले, पण कापूस पेटला नाही. पेढे आले. उद्या नमुने बाहेरच्या लॅबला.

१८ जून, मंगळवार

ग्राहकाच्या क्वालिटी विभागाने शीटवर एक्सआरएफची (क्ष-किरणांनी मूलद्रव्य ओळखणारी) बंदूक धरली आणि ब्रोमीनचा आकडा बघून फोन केला: "तुमच्या मालात बंदी घातलेलं रसायन आहे." त्यांना समजावायला अख्खी सकाळ गेली. बंदुकीला फक्त मूलद्रव्य दिसतं. ब्रोमीन कोणत्या संयुगातलं, हे तिला कळत नाही. ते बघायचं तर जीसी-एमएस ही संयुग ओळखणारी चाचणी करावी लागते. मास्टरबॅचवाल्याकडून लेखी घोषणा मागवली आणि एक नमुना जीसी-एमएसला पाठवला, खर्च आमचा. माझ्या मते हा खर्च ग्राहकाने द्यायला हवा होता.

१९ जून, बुधवार

चाकणहून एक ओळखीचे आले. ते ई-स्कूटरच्या बॅटरी पॅकला लागणारे कापीव सुटे भाग करतात. २०२२ मध्ये स्कूटर पेटण्याच्या बातम्या झाल्या, मग एआयएस-१५६ हे ई-वाहनांच्या बॅटरी सुरक्षेचं मानक कडक झालं, आणि एक सेल तापला तर शेजारच्याला तो पेटवणार नाही असं काहीतरी मध्ये घालायची धावपळ सुरू झाली. त्यांनी विचारलं, तुमची ही शीट सेलच्या मध्ये घालू का?

नको म्हणालो. आपलं एलडी ११० अंशांच्या आसपास वितळतं. सेल बिघडला की तापमान कित्येक शे अंशांवर जातं. तिथे आपली शीट पेटणार नाही कदाचित, पण वितळून गायब होईल आणि दोन सेल एकमेकांना भिडतील. इन्सुलेशनसाठी एफआर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिकार्बोनेटची फिल्म बघा, उष्णता अडवायची असेल तर अभ्रक बघा. चार्जर आणि पॉवर सप्लायच्या आत सर्किट आणि धातूच्या खोक्यामध्ये घडी घालून बसवलेला जो पातळ पत्रा असतो, तो एफआर पॉलिप्रॉपिलीनच्याच जातीचा. पॉलिइमाइडची पिवळी फिल्म तर वितळतच नाही, पण तिचा भाव ऐकून ते चहाही न घेता निघतील असं वाटलं म्हणून सांगितलं नाही.

२४ जून, सोमवार

बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट: व्हीटीएम-२. दोन्ही संचांत, म्हणजे २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ४८ तास ठेवलेल्या आणि ७० अंशांना आठवडाभर भाजलेल्या पट्ट्यांतही, कापूस पेटला. जळण्याचा वेळ मर्यादेत, उंची मर्यादेत. फक्त कापूस.

आमच्याकडे पाचात एकदाही पेटला नव्हता.

२५ जून, मंगळवार

दिवसभर पट्ट्या जाळल्या, कापूस काही पेटेना. संध्याकाळी आमच्याच लॅबच्या मॅडमनी कापसाचा बोळा दाबून बघितला आणि म्हणाल्या, "सर, हा सर्दलाय."

पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले, रोल खिडकीजवळ उघडा पडलेला. मिठाला पाणी सुटतं त्या हवेत आम्ही कापसाची परीक्षा घेत होतो! पद्धतीत स्पष्ट लिहिलंय की कापूस डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) किमान चोवीस तास सुकवायचा. वाचलं होतं, केलं नव्हतं. पेढे फुकट गेले.

दुसऱ्या दिवशी रात्री तेच रोल, सुकवलेला कापूस घेऊन जाळले. पाचात दोन ठिकाणी भक् करून पेटला.

२७ जून, गुरुवार

साप्ताहिक सुट्टी, एमआयडीसी शांत. घरी बसून विमानांच्या इन्सुलेशनबद्दल वाचत होतो. ते आमच्या कामाला असं लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

२ सप्टेंबर १९९८. न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं स्विसएअरचं १११ क्रमांकाचं एमडी-११ विमान. कॉकपिटच्या छतामागे आग लागली, आणि विमान कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. २२९ माणसं गेली. कॅनडाच्या तपास मंडळाने चार-साडेचार वर्षं तपास केला. ठिणगी बहुधा वायरिंगमधली. पण आग पसरवली मुख्यतः इन्सुलेशनच्या गाद्यांवरच्या आवरणाने: अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेली पॉलिस्टरची पातळ फिल्म.

ती फिल्म तेव्हाच्या नियमाप्रमाणे पास झालेली होती. चाचणी होती उभी पट्टी आणि खालून बर्नर, बारा सेकंद. पातळ फिल्म ज्योत लागताच आकसून मागे सरते, ज्योतीला खायला काही उरत नाही, पास. विमानात मात्र ती गादीला धरून अंथरलेली होती. अमेरिकेच्या एफएएने २००० मध्ये ती फिल्म काढून टाकायचे आदेश दिले आणि २००३ मध्ये तापलेल्या पॅनलखालची नवी चाचणी आणली.

वही उघडून आमच्या १० जूनच्या नोंदीखाली पेन्सिलीने लिहिलं: आपली शीट विझते, का नुसती पळते?

१ जुलै, सोमवार

काल पालख्यांमुळे रस्ते बंद, दाण्याची गाडी आज आली. दुपारी मास्टरबॅच ३० टक्के करून बघितला. शीट ठिसूळ, घडीवर पांढरी रेघ. परत २५.

विचित्र गोष्ट: दिवसपाळीचे रोल सुक्या कापसावरही पाचपैकी पाच पास. रात्रपाळीचे पाचात दोन-तीन नापास. कृती एक, मशीन एक, दाणा एक.

२ जुलै, मंगळवार

रात्री साडेअकराला प्लांटवर गेलो, न सांगता. मामा हॉपरजवळ होते. पंचवीस किलोच्या मिश्रणावर त्यांनी एका वेगळ्या गोणीतून मापट्याने अडीच किलो पांढरा दाणा ओतला.

"मामा, हे काय?"

"कॅल्शियम, साहेब. नेहमीचं."

कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा फिलर (स्वस्त भराव). आमच्याकडे प्रत्येक साध्या शीटला दहा टक्के पडतो, कित्येक वर्षांचा शिरस्ता, खर्च वाचतो आणि शीट कोरडी लागते. रात्रपाळीला कोणी कधी सांगितलंच नव्हतं की या मालाला नको. दिवसा मी उभा असतो म्हणून पडत नव्हता. मामांची काहीच चूक नाही, कार्ड मी लिहिलं होतं आणि त्यावर "फिलर नको" ही दोन अक्षरं नव्हती.

मामांना भिंतीला टेकून कारण सांगितलं, जमेल तसं. आग म्हणजे हवेत धावणारे तुकडे, हायड्रोजनचे, हायड्रॉक्सिलचे. शीट तापली की ब्रोमीन वाफ होऊन वर जातं आणि ते तुकडे धरतं. अँटिमनी त्याला वर उचलून नेतं. चुना हा आम्ल खाणारा. जेलुसिलची गोळी पोटातलं आम्ल मारते तसा तो हायड्रोजन ब्रोमाइड खातो. ब्रोमीन खाली राखेतच बसून राहतं, ज्योतीपर्यंत पोचतच नाही. शिवाय चुन्याचे कण वितळलेल्या शीटला आकसू देत नाहीत, ती जागेवर उभी राहून जळते.

मामा म्हणाले, "म्हणजे आपण पाणी मारणाऱ्यालाच धरून ठेवलं."

मला याहून नीट सांगता आलं नसतं. गोणीवर लाल फुली मारली, कार्ड बदललं.

८ जुलै, सोमवार

फिलर नसलेले तीन दिवसांचे सहा रोल, दोन्ही पाळ्यांचे. सुका कापूस. तीस पट्ट्या, एकही कापूस पेटला नाही. सर्वांत जास्त वेळ जळलेली पट्टी चार सेकंद. नमुने बाहेर पाठवले. पेढे नाहीत.

१२ जुलै, शुक्रवार

ग्राहकाचे साइट इंजिनिअर आले. शीट आवडली, पण वाऱ्याने फाटते. मचाण तीस मीटर उंच आहे, कडेला आयलेट (दोरी ओवायच्या कड्या) लावले की तिथूनच चिरते. त्यांचं म्हणणं, मध्ये काचेची जाळी घाला: दोन फिल्मच्या मध्ये फायबरग्लासचं स्क्रिम, मग हत्तीसुद्धा फाडणार नाही. काच तर जळतच नाही, म्हणजे आगीलाही उलट बरंच.

हे तर्काला अगदी पटतं. मलाही दुपारपर्यंत पटलं होतं.

लॅमिनेशन शेजारच्या गाळ्यातून करून घेतलं. पाच पट्ट्या. पहिली पेटली आणि विझलीच नाही, खुणेच्या वर गेली. दुसरी विझली. तिसरी आणि चौथी वरपर्यंत. पाचवीला मी स्वतःच फुंकर मारली, कारण पेटीची काच तडकायला लागली होती.

काचेत तोंड घालून बघितलं तर चित्र स्पष्ट होतं. फिल्म वितळत होती, पण खाली गळत नव्हती, आकसतही नव्हती. काचेच्या धाग्यांना धरून चढत होती, आणि धाग्याच्या प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर एक छोटी ज्योत. मामा मागून बघत होते. "ही तर समई झाली," ते म्हणाले. तेल पॉलिथिनचं, वात काचेची. वात स्वतः जळत नाही म्हणून काय झालं, तेल तर तीच वर ओढते.

पेन्सिलीने लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आमची शीट निम्मी विझते आणि निम्मी पळते. पळायची वाट बंद केली की उरलेलं निम्मं पुरत नाही.

१६ जुलै, मंगळवार

पर्याय तीन. ब्रोमीन इतकं वाढवायचं की शीट उभी राहूनही विझेल: ३० टक्क्यांनाच ठिसूळ झाली, बाद. जाळीची चौकट मोठी करायची: ताकद जाते. किंवा वातच अशी घ्यायची जी तेलाबरोबर वितळेल. ताडपत्रीत असतात तशा एचडीच्या (जास्त घनतेच्या पॉलिथिनच्या) विणलेल्या पट्ट्या, त्या पट्ट्यांतही तोच मास्टरबॅच, आणि दोन्ही बाजूंनी एफआर कोटिंग. ज्योत आली की सगळं एकत्रच आकसेल.

थोडा एनओआर जातीचा हाल्स (उन्हाने प्लास्टिक खराब होऊ नये म्हणून घालायचं रसायन) पण घालतोय, एक टक्का. साधे हाल्स उन्हापासून राखतात, पण ते अल्कधर्मी असतात, ब्रोमीनच्या आम्लाशी भांडतात आणि दोघंही निकामी होतात. एनओआर त्या मानाने सोशिक, आणि पातळ पॉलिओलेफिनमध्ये तो स्वतः आगीलाही थोडा आळा घालतो. महाग आहे. मालकांना एक टक्का म्हणजे किती ते लगेच सांगितलं नाही, उद्या एकादशी आहे, उपासाला कशाला.

२३ जुलै, मंगळवार

विणलेल्या शीटचा ट्रायल. पट्ट्या ओढताना तुटत होत्या, मास्टरबॅच १८ टक्क्यांवर आणला तेव्हा विणकाम चाललं. कोटिंगमध्ये २५ कायम.

जाळून बघितलं. आवाज वेगळाच येतो, चुरचुर, आणि अख्खी नळी वर गोळा होऊन घट्ट गाठ होते. पाचही पास, पण एका पट्टीला नऊ सेकंद लागले. मर्यादा दहाची. मला नऊ आवडत नाही. कोटिंग दहा मायक्रॉनने पातळ केलं आणि परत बघितलं: सर्वांत वाईट पट्टी सहा सेकंद. माल कमी म्हणजे इंधन कमी, एवढी साधी गोष्ट शेवटी सुचली. मालक खूश, कारण पहिल्यांदाच माझ्या दुरुस्तीने खर्च कमी झाला.

६ ऑगस्ट, मंगळवार

दोन्ही रिपोर्ट एकत्र आले. साधी शीट व्हीटीएम-०, दोन्ही संच. विणलेली व्हीटीएम-०, दोन्ही संच. भाजलेल्या संचात एक पट्टी आठ सेकंद. जीसी-एमएसचा कागद मागेच आला होता, डेकाबीडीई नाही.

विक्रीवाल्यांनी लगेच ब्रोशरवर "यूएल प्रमाणित" लिहायला घेतलं होतं. थांबवलं. एका लॅबने त्या पद्धतीने आपले नमुने जाळले, इतकाच याचा अर्थ. यूएलचं यलो कार्ड वेगळं, त्यासाठी ते कारखान्यात येऊन माल तपासत राहतात. ब्रोशरवर आता लिहिलंय: यूएल ९४ पद्धतीने चाचणी, व्हीटीएम-०, जाडी अमुक, रंग दुधाळ, रिपोर्ट मागितल्यास मिळेल. रंग मुद्दाम लिहिला, कारण उद्या कोणी निळा मागेल आणि निळ्याचा मास्टरबॅच कशात बनवलाय हे कोणी विचारणार नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

पहिली ऑर्डर पक्की झाली, चाळीस रोल विणलेले. खाली एक ओळ: शीटवर दर दोन मीटरला कंपनीचा लोगो, एक मीटर रुंद, गडद निळ्या शाईत.

शाई म्हणजे बाइंडर आणि रंगद्रव्य. वितळणाऱ्या फिल्मवर न वितळणारा थर. म्हणजे कदाचित पुन्हा वात.

त्यांना कळवलं की छापील भागाची चाचणी झाल्याशिवाय माल सुटणार नाही, दोन आठवडे लागतील. ते नाराज आहेत. शेजारच्या प्रिंटरकडून अर्धा मीटर छापून आणलंय, पूर्ण निळं, एकही रिकामी जागा न ठेवता. पट्ट्या कापून कंडिशनिंगला ठेवल्या, कापूस डेसिकेटरमध्ये. सोमवारी जाळायचं.